कपाटांची कुलपं काढा : कोकणातल्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सार्वजनिक वाचनालये

सप्रेम नमस्कार.

मागणी एकच आहे, म्हणून आधी तीच सांगते. तुमच्या वाचनालयातल्या कपाटांची कुलपं काढा. वाचकाला फळीपर्यंत जाऊ द्या. पुस्तक हातात घेऊ द्या, चाळू द्या, नाही आवडलं तर परत ठेवू द्या. ग्रंथालयाच्या कामकाजात याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्या दोन जिल्ह्यांतही काही वाचनालयांनी ती कधीच स्वीकारली आहे. त्यांचे आभार मानते आणि उरलेल्यांसाठी लिहिते.

उरलेल्यांचं चित्र मला लहानपणापासून पाठ आहे. काचेच्या दारांची कपाटं, प्रत्येकाला छोटं कुलूप, किल्ल्यांचा जुडगा देवघेवीच्या टेबलाच्या खणात. वाचक बाहेर उभा राहून, मान तिरपी करून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचतो. त्यातली निम्मी पुस्तकं पुन्हा बांधून घेतलेली असतात. सगळ्यांना एकच लाल किंवा निळं रेक्झिन, पाठीवर नाव नाही, फक्त दाखल क्रमांकाची चिकटवलेली चिठ्ठी. 4127 क्रमांकाच्या पुस्तकात काय आहे, ते काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कसं कळावं? बाजारात आपण सुरमई घेतो तीसुद्धा कल्ले उघडून बघितल्याशिवाय घेत नाही. गोष्ट मात्र न उघडता निवडायची, असा आपला नियम आहे.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका वाचनालयात मी मासिकं चाळत बसले होते. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आली. छत्री दाराशी टेकवली, चपला काढल्या आणि कपाटासमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती नुसतीच बघत होती. शेवटी शिपाईमामांनी विचारलं, "काय व्हया?" ती म्हणाली, "गोष्टीचा पुस्तक." मामा म्हणाले, "नाव सांग, मगे काडून देतंय." ती गप्प. मग हळूच म्हणाली, "माका नाव म्हायत नाय."

मामांचा यात काही दोष नाही. त्यांना शिकवलेलं काम ते नीट करत होते. पण त्या मुलीचं उत्तर मला तुमच्या पुढच्या प्रत्येक सभेच्या इतिवृत्तात लिहिलेलं हवं आहे. गोष्टीचं नाव माहीत नसतं म्हणूनच तर माणूस वाचनालयात येतो. नाव, लेखक, प्रकाशन सगळं ठाऊक असलेला वाचक पुस्तक कुठूनही मिळवील, मागवून घेईल. ज्याला यातलं काहीच माहीत नाही, त्याच्यासाठी गावात ही एकच जागा आहे, आणि तिथे आपण त्याला नाव विचारतो.

मी मामांना विनंती केली, त्यांनी कपाट उघडलं. मुलगी खाली फरशीवर मांडी घालून बसली आणि तळच्या फळीवरची पुस्तकं एकेक करून मांडीवर घेऊ लागली. तिला खरं तर भुताची गोष्ट हवी होती. पण तिने निवडलं ते एका जहाजावरच्या मुलाचं पुस्तक, कारण आत डोलकाठीचं चित्र होतं आणि तिचे बाबा ट्रॉलरवर खलाशी आहेत. मला, मामांना किंवा ग्रंथपालांना तिच्यासाठी पुस्तक निवडायला सांगितलं असतं तर आम्ही ते काढलंच नसतं. पुढच्या शनिवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. गोष्ट तिने त्यांना वाटेत सांगितलीच होती, आता त्यांना ते चित्र बघायचं होतं.

वाचनालयात गोष्ट सापडते ती अशी, आणि पुढे जाते तीही अशीच. मध्ये कुलूप आलं की दोन्ही थांबतं.

आता तुमच्या अडचणींकडे येते. वाचनालयाच्या टेबलापलीकडे बसणाऱ्यांशी माझं नेहमी बोलणं होतं, त्यामुळे त्या मला ऐकून माहीत आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी भीती : पुस्तकं जातील. तपासणीला अधिकारी आले, दाखलनोंद वहीप्रमाणे पुस्तक फळीवर सापडलं नाही, तर उत्तर कोण देणार? ही भीती खोटी नाही. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाच्या डोक्यावर ती वर्षभर असते, आणि त्याच भीतीपोटी किल्ली खणात राहते. पण पुस्तक वापरात आलं की काही हरवणार, हे सरकारनेच मान्य केलेलं आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की, वर्षभरात दिल्या-घेतलेल्या दर 1000 पुस्तकांमागे 5 पुस्तकं गहाळ होणं हे वाजवी धरावं. त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला म्हणजे झालं. हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपल्याला तो थेट लागू नाही, हे मला कळतं. पण विचार तोच आहे. तुमच्या वाचनालयात वर्षाला 4000 पुस्तकांची देवघेव होत असेल, तर त्या हिशेबाने 20 पुस्तकं होतात. कार्यकारी मंडळाने ठराव करून स्वतःची अशी मर्यादा ठरवावी, ग्रंथालय संचालनालयाकडेही ती लेखी मांडावी. ग्रंथपालाच्या मागे मंडळ उभं आहे, हे त्याला कागदावर दिसलं की किल्ली आपोआप सैल होईल. आणि मला विचाराल तर, गावातल्या एखाद्या घरात वाचून वाचून फाटलेलं पुस्तक हे तीस वर्षं कोऱ्या करकरीत राहिलेल्या पुस्तकापेक्षा वाचनालयाच्या जास्त कामी आलेलं असतं.

दुसरी अडचण सांगतात ती हवेची. आपल्याकडचा पाऊस, दमट हवा, बुरशी, कसर, वाळवी. पुस्तकं उघडी कशी ठेवणार? इथे मात्र मी ठामपणे उलट सांगेन. बुरशीला लागते ती कोंडलेली दमट हवा, आणि ती बंद कपाटात भरपूर मिळते. आषाढात कुठलंही बंद कपाट उघडून वास घ्या. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटाच्या मागच्या बाजूची पुस्तकं आधी खराब होतात, कारण भिंतीची ओल तिथेच उतरते. वीतभर अंतर ठेवून मांडलेल्या उघड्या फळ्या, वर पंखा, आणि रोज कुणीतरी पुस्तकं हाताळत असणं, यासारखा दुसरा उपाय नाही. हाताळलेल्या पुस्तकात कसर लागलेली लगेच दिसते. कुलपातल्या पुस्तकात ती दिसते तेव्हा निम्मी पानं गेलेली असतात. मौल्यवान, दुर्मीळ, जीर्ण पुस्तकं आणि हस्तलिखितं जरूर कुलपात ठेवा. सगळं उघडं टाका असं मी म्हणत नाही.

पुस्तकांवरचं खरं संकट कसं येतं ते चिपळूणने दोनदा पाहिलं. 1864 मध्ये सुरू झालेलं तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर 2005 च्या महापुरात आणि पुन्हा 22 जुलै 2021 च्या पुरात सापडलं. पाण्यापुढे कुलपांनी काय केलं असतं? वाचनालय पुन्हा उभं राहिलं ते माणसांमुळे.

मनुष्यबळाचं म्हणाल तर ते कमी आहेच. पण मुक्तद्वारात वाचक स्वतः पुस्तक काढतो, मामांच्या फेऱ्या वाचतात. विस्कटलेल्या फळ्या लावण्याचं काम मात्र वाढतं. त्याला उत्तर शेवटी दिलं आहे.

एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण हल्ली वाचनालय म्हणजे सरकारचं एक कार्यालय अशी समजूत पसरते आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 सालचं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला 1967 मध्ये. म्हणजे कायदा, वाचनालयांना दिलेले वर्ग, अनुदान हे सगळं येण्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधी या किनाऱ्यावरच्या लोकांनी वाचनाच्या जागा उभ्या केल्या होत्या, त्याही मुंबईला जायचं तर गलबताने जावं लागायचं त्या काळात. ती पुस्तकं त्यांनी जमवली ती वाचण्यासाठी आणि एकमेकांना देण्यासाठी. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिलाच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा. तो समजावताना त्यांनी युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचं उदाहरण दिलं आहे, जिथे पुस्तकं साखळीने फळीला जखडलेली असत. दरवर्षी 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. त्याच भिंतीला लागून कुलूपबंद कपाटं असतात, हे मला फार टोचतं.

उघडी पुस्तकं आपल्या राज्यात चालतात का, हेही पाहून झालेलं आहे. 4 मे 2017 रोजी महाबळेश्वरजवळचं भिलार 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथे पुस्तकं लोकांच्या राहत्या घरांत, ओसरीवर, खोल्यांत मांडलेली आहेत. कुणीही आत जावं, बसावं, वाचावं. त्याच योजनेच्या पुढच्या टप्प्यात आपल्या देवगड तालुक्यातलं पोंभुर्ले निवडलं गेलं, 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. घरमालक आपल्या घरात परक्या माणसाला पुस्तकापर्यंत जाऊ देतो, तर सार्वजनिक म्हणवणाऱ्या वाचनालयाला ते जड का जावं?

कुलूप काढण्याबरोबर आणखी एक करा, आणि माझ्या मते ते तितकंच महत्त्वाचं आहे. वाचनालयात बोलू द्या. 'शांतता राखा' ही पाटी वाचन कक्षात राहू दे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना ती हवीच. पण आठवड्यातून एखादा तास, एखादा कोपरा, बालविभाग म्हणा किंवा पडवी म्हणा, गोष्ट सांगण्यासाठी ठेवा. ज्याने जे वाचलं ते त्याने सांगावं. भाषण नको, पाहुणा नको, शाल-श्रीफळ नको. "मी हे वाचलं, त्यात असं असं होतं, पुढचं तुम्ही वाचा", एवढंच.

गोष्ट सांगायला कोकणी माणसाला शिकवावं लागत नाही. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की गावोगाव दशावतार उभा राहतो. त्याला लिखित संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, आणि मग हार्मोनियम, पखवाज, झांजेच्या साथीत, एका लाकडी बाकड्याचं सिंहासन करून, कलाकार रात्रभर संवाद जागेवरच रचत जातात. हे बळ त्यांना मिळतं ऐकण्यातून आणि पोथ्या-पुराणांच्या वाचनातून. रत्नागिरीकडच्या जाखडी नाचात शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन पक्ष एकमेकांना पुराणातले सवाल टाकतात, तेव्हा जवाब शोधायला शाहिरांना ग्रंथच धुंडाळावे लागतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. चित्रांची पोथी समोर धरायची, एकेक चित्र दाखवत गोष्ट गायची. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना 2021 चा पद्मश्री जाहीर झाला. ही सगळी माणसं गोष्ट शोधणारी आणि सांगणारी आहेत. त्यातली किती तुमच्या वाचनालयाची सभासद आहेत, ते एकदा सभासद नोंदवहीत बघा. त्यांना बोलावलंय कुणी? दशावतारातल्या राजाने दुपारी पडवीत बसून पोरांना एक आख्यान सांगितलं आणि नंतर ग्रंथपालांनी त्याच आख्यानाची पुस्तकं टेबलावर मांडली, तर त्या दिवशी किती पुस्तकं घरी जातील, याचा अंदाज तुम्हीच करा.

मासळी बाजारात बसणाऱ्या बायांशी मी या विषयावर बोलले आहे. त्यांना वाटतं, वाचनालय हे शिकलेल्यांचं. आत पाऊल टाकायचा त्यांना संकोच वाटतो, आणि काचेमागच्या कुलपांनी तो संकोच वाढतो. पण गोष्टी त्यांच्याकडे आहेत, आणि त्या कुठल्याच पुस्तकात नाहीत.

म्हणून वाचनालयात एक जाड वही ठेवा, गावच्या गोष्टींची. सांगणाऱ्याने सांगावं, शाळेतल्या एखाद्या मुलीने लिहून घ्यावं, जमेल तर फोनवर आवाजही घ्यावा. सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी, वाडीचं नाव आणि तारीख घालावी. ज्यांना सांगता येईल अशी माणसं आता थकली आहेत, म्हणून घाई करते आहे. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी, रस्तेही धड नव्हते तेव्हा, मुंबईची वाट समुद्रातून होती. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बोट लागत जायची. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला यायचीच नाही. खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे लहान होड्या, जायचे. हेलकावणाऱ्या पडावात ट्रंक, वळकटी, लहान मूल कसं उतरवून घेत, लाट वर आली की कुठल्या क्षणी हात पुढे करायचा, हे आमच्या शेजारच्या आजी हातवारे करून दाखवत. हे कुठे लिहून ठेवलं आहे? 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, 600 हून अधिक माणसं गेली. तिची तारीख छापील मजकुरात सापडते. पण त्या दिवशी कुणाच्या घरी कोण येणार होतं, कोणाची बोट चुकली म्हणून तो वाचला, हे घराघरांत सांगितलं जायचं, आणि सांगणाऱ्यांबरोबर ते जातं आहे. अशी एक वही प्रत्येक बंदरगावच्या वाचनालयात असती, तर आज या किनाऱ्याचा केवढा मोठा ऐवज आपल्याकडे असता. अजूनही वेळ गेलेली नाही.

ही वहीसुद्धा कपाटात ठेवू नका. टेबलावर ठेवा. तिची एक नक्कल मात्र कुलपात राहू दे.

चाकरमान्यांबद्दलही थोडं लिहिते. गणेशचतुर्थीला गावी येताना कुणी ना कुणी पुस्तकांचा खोका आणतं. मुंबईतले काका-आत्या गेले, घर लहान आहे, पुस्तकं टाकवत नाहीत, म्हणून वाचनालयाला द्यायची असतात. तुम्ही ती घेता, पावती देता, शिक्का मारता, आणि ती कपाटात जातात. त्या वेळी देणाऱ्याला एक विचारा : यातलं काकांना सगळ्यात आवडलेलं कोणतं, आणि का? त्याचं उत्तर चार ओळींत लिहून त्या पुस्तकात चिकटवा. पुढच्या वाचकाला त्या चार ओळी मलपृष्ठावरच्या मजकुरापेक्षा जास्त उपयोगी पडतील. असंच इतर वाचकांनाही करू द्या. परत करण्याच्या तारखेच्या चिठ्ठीशेजारी एक कोरी चिठ्ठी लावा, ज्याला वाटेल त्याने दोन ओळी लिहाव्यात. फळ्यांवरच्या पाट्याही साध्या भाषेत असू द्यात : भुताखेताच्या गोष्टी, समुद्रावरच्या गोष्टी, प्रवास, शिकार, हसवणाऱ्या गोष्टी. वर्गांक, म्हणजे विषयानुसार दिलेले क्रमांक, पुस्तकावर राहू देत, ते कामाचे आहेत. पण दहा वर्षांच्या मुलीला वर्गांकावरून भूत सापडत नाही.

हे सगळं एकदम करा असं माझं म्हणणं नाही. बालविभागाचं एक कपाट आधी उघडा. सहा महिने ते तसंच ठेवा, देवघेवीच्या नोंदी बघा, गहाळ पुस्तकं मोजा, आणि मग दुसऱ्या कपाटाचं ठरवा. आकडे माझ्या विरोधात गेले तर तसं मला सभेत सांगा, मी ऐकून घेईन.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे. सभासद म्हणून मी माझ्या वाचनालयाला तसं लेखी पत्र वेगळं दिलं आहे. आणि मनुष्यबळाच्या अडचणीचं उत्तर असं : आमच्या वाडीतल्या आम्ही काही जणी शनिवारी दुपारी फळ्या लावायला, पुस्तकं पुसायला आणि मुलांबरोबर बसायला तयार आहोत. मानधन नको. कपाट कोणतं आणि वेळ काय, तेवढं कळवा.

आपली नम्र,
एक वर्गणीदार वाचक
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग